आठ शून्यांचं विमान आणि शिवकन्येच्या कुरडया

त्या रविवारी मी बायकोला घरकामात मदत करायचं ठरवलं. असे निर्णय नवऱ्यांनी घाईघाईत घेऊ नयेत, हे मी आता अनुभवाने सांगू शकतो.

मदत तशी बसल्याबसल्याच करायची होती. माझी मेहुणी शिवकन्या हिचं लग्न चार दिवसांवर आलं होतं, माझ्या सासुरवाडीला, माकणीला. सासूबाईंचा हात प्लास्टरमध्ये, त्यामुळे रुखवतात मांडायच्या कुरडया आमच्या हिने, म्हणजे दीपमालाने, अंगावर घेतल्या होत्या. तीन दिवस गहू भिजत पडले होते आणि घरभर आंबूस वास सुटला होता. रविवारी पहाटे उठून तिने चीक शिजवला, शेजारच्या अयोध्याकाकूंना हाताशी घेऊन सोऱ्याने कुरडया पाडल्या. ऊन चढेपर्यंत गच्चीवरच्या धोतरांवर पांढऱ्याशुभ्र कुरडयांच्या रांगा लागल्या होत्या.

"मी आंघोळ करून येते," ती म्हणाली. "तवर हितंच बसा. कावळा म्हणू नका, वानर म्हणू नका, कुणाला बी फिरकू देऊ नका."

मी लगेच हो म्हणालो. त्यात माझा स्वार्थ होता, कारण माझा अँटेना गच्चीवरच आहे.

मी विमानं बघतो. कळंबला विमानतळ नाही, पण डोक्यावरून विमानं जातातच. पाइपाला बांधलेल्या त्या अँटेनामुळे प्रत्येक विमानाची उंची, वेग आणि कॉलसाइन माझ्या लॅपटॉपवर उमटते. कॉलसाइन म्हणजे विमानाने हवेत घ्यायचं नाव. कंपनीची दोन-तीन अक्षरं आणि पुढे आकडा. आम्हा शौकिनांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे आणि तिथे मान कुणाला, तर विचित्र कॉलसाइन पकडणाऱ्याला. सांगलीच्या एका डॉक्टरांना 'एचबीडी मम्मी' नावाचं विमान सापडलं होतं. वैमानिकाने आईचा वाढदिवस थेट आकाशात साजरा केला होता. नांदेडच्या एकाने तर धावपट्टी झाडणारी गाडी पकडली, तिलाही कॉलसाइन होती. मला मात्र सगळी विमानं सरळमार्गी भेटत. (माझ्या पोस्टला फक्त एक अंगठा येई, तोही ॲडमिनचा. तो सगळ्यांनाच देतो.)

कुरडयांकडे पाठ करून मी लॅपटॉप उघडला आणि बघतो तर काय! कॉलसाइनच्या जागी ओळीने आठ शून्यं. कंपनी नाही, नाव नाही, काही नाही. विमान छोटं होतं, बरंच खालून चाललं होतं, आणि वागणंही चमत्कारिक. सरळ येरमाळ्याच्या बाजूला जायचं, वळायचं, पुन्हा कळंबवर यायचं, थोडं सरकून पुन्हा तसंच. रान नांगरावं तशा रेघा पडत होत्या. मी फोटो काढून ग्रुपवर टाकला.

पाच-सहा जणांनी एकदम डोळे विस्फारलेले चेहरे पाठवले. इतका मान मला लग्नातही मिळाला नव्हता. मग सांगलीच्या डॉक्टरांनी लिहिलं, "कृत्रिम पावसाचं विमान अशा घिरट्या घालतं म्हणतात. खात्री नाही."

('खात्री नाही' हे मी वाचलं होतं. वाचणं वेगळं आणि मनावर घेणं वेगळं.)

"दीपा!" मी जिन्यातून ओरडलो. "धाव, पाऊस येतोय!"

ती ओल्या केसांनी धावत वर आली आणि आभाळाकडे बघायला लागली. ऊन असं होतं की डोळे उघडवेनात.

"कुठाय पाऊस?"

"वर आहे. विमान पाडणार आहे."

"ढग तर एक बी न्हाय."

"अगं, कृत्रिम पावसाला ढग कशाला लागतात? नाहीतर त्याला कृत्रिम कशाला म्हटलं असतं?"

(लागतात. ढगांशिवाय तो पाडताच येत नाही, हे मला त्याच संध्याकाळी कळलं.)

ती बिचारी घुटमळली. ती माझं सहसा काही ऐकत नाही आणि त्यामुळे आमचा संसार सुरळीत चाललाय. पण नेमकी त्याच वेळी डोक्यावर घरघर ऐकू आली आणि एक पांढरं विमान आमच्या पाण्याच्या टाकीवरून सरकत गेलं. आता पुरावाच समोर आल्यावर ती तरी काय करणार? तिने धोतराचे दोन कोपरे धरले, मी दोन धरले, आणि ओल्या कुरडयांची गाठोडी बांधून आम्ही जिन्यातून खाली पळालो.

"काय झालं गं?" पलीकडच्या गच्चीवरून अयोध्याकाकू ओरडल्या.

"विमानानं पाऊस पाडायलेत म्हणं, काकू! ह्यांच्या कम्प्युटरात आलंय!"

कम्प्युटरात आलंय म्हटल्यावर गल्लीत कुणी शंका घेतली नाही. काकूंचे सांडगे, कुणाची हळद, कुणाच्या मिरच्या, कुणाच्या गाद्या, सगळं धडाधड आत जायला लागलं. थोड्याच वेळात माझा फोन वाजायला लागला. पहिला फोन धुळाप्पाचा. त्याची वीटभट्टी आहे.

"वैजनाथराव, कच्ची वीट उघडी पडलीय हो माझी. त्या विमानाला जरा बार्शीकडं सरकवा की."

"बघतो," मी म्हणालो.

दुसरा फोन थेट माकणीहून, सासरे बलभीममामांचा. बातमी माझ्याही आधी तिथे पोचली होती.

"जावईबापू, धरणाचा तळ दिसायलाय. तेवढ्या दोन चकरा आमच्याकडं मारायला सांगा त्याला. पर लग्नाचा दिस सोडून बरं का. मांडव भिजंल."

"सांगतो, मामा."

माझ्या हातात काही नाही, हे त्यांना सांगायला हवं होतं. पण ऑफिसात माझ्या डोक्यावरचा पंखासुद्धा माझ्या सांगण्यावरून कुणी दुरुस्त करत नाही. अशा माणसाकडे अख्खा जिल्हा पाऊस मागायला लागल्यावर त्याने किती नम्र राहायचं?

तासाभराने विमान निघून गेलं. ऊन होतं तिथेच होतं. गल्लीतल्या बायका दारात उभ्या राहून आधी आभाळाकडे बघत होत्या, मग हळूहळू आमच्या घराकडे बघायला लागल्या. तेवढ्यात ग्रुपवर डॉक्टरांचा निरोप आला. "चौकशी केली. ते नकाशासाठी वरून जमिनीचे फोटो काढणारं विमान आहे. कॉलसाइन टाकायला वैमानिक विसरलाय."

मी फोन उपडा ठेवला. पण दीपमालाने तोवर गाठोडं सोडलं होतं.

आत कुरडया नव्हत्या. एक कुरडई होती. सगळ्यांनी मिळून एकच भलामोठा गोळा केला होता, मध्ये फुगीर आणि चारी बाजूंनी लोंबणारा. दुसऱ्या गाठोड्यातही तेच. दीपमाला माझ्यावर ओरडली नाही. ती तिथेच फरशीवर बसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा मात्र मला मनापासून वाईट वाटलं.

"परत गहू भिजवायचं म्हणलं तर तीन दिस जात्यात," ती म्हणाली. "वाळायला येळ कुठाय आता? आईला सांगितलंतं, कुरडयाची काळजी करू नकोस म्हणून. आता रुखवतात काय मांडू? बाजारातल्या?"

"चालतात बाजारातल्या."

तिने तो गोळा माझ्यापुढे सरकवला.

"ते विमान फोटो काढायला आलतं न्हवं?" थोड्या वेळाने तिने डोळे पुसून विचारलं.

"हो."

"मग गल्लीतल्या समद्या बाया वाळवण घिऊन पळतानी आल्या असतील त्यात."

लग्नात रुखवतावर बाजारातल्या कुरडया लागल्या. आमचे दोन गोळे एव्हाना गच्चीवर वाळून दगड झाले होते. त्यातला मोठा दीपमालाने पिशवीत घालून माकणीला आणला होता. मला वाटलं, जनावरांना घालायला आणला असेल. रुखवताजवळ गर्दी दिसली म्हणून मी गेलो. कागदी बैलगाडी आणि मण्यांच्या तुळशीवृंदावनाच्या मधोमध तो गोळा डोंगर म्हणून मांडलेला. वर कापसाचे ढग, ढगांत प्लॅस्टिकचं विमान, आणि खाली शिवकन्येच्या अक्षरात चिठ्ठी : 'थोरले जावई वैजनाथराव यांजकडून सप्रेम भेट.'

"दाजी, ढग आठवणीनं लावलेत बरं का!" शिवकन्या मुंडावळ्या सावरत म्हणाली.

तेवढ्यात नवरदेवाची आई रुखवत बघायला आली. तिने गोळ्याला एक फेरी मारली आणि बोटाने टकटक वाजवून बघितलं.

"हे काय म्हणायचं, विहीणबाई?"

"कुरडई हाय," माझ्या सासूबाई गळ्यात अडकवलेला प्लास्टरचा हात सावरत म्हणाल्या.

"एकच?"

"एकच. थोरल्या जावयानं घरकामात मदत केली."

तिने गोळ्याकडे बघितलं, मग मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, आणि तिचा चेहरा एकदम खुलला.

"बरं झालं बाई," ती म्हणाली. "आमचा पोरगा घरात काडी हिकडची तिकडं करत न्हाय. सासरची लोकं नावं ठिवतील म्हणून लई धाकधूक हुती माझ्या जिवाला. आता मिटली."