दुसरी घारी

सीडीचा कप्पा पहिल्यांदा आपोआप बाहेर आला तेव्हा हिलाल बोरसे कॉम्प्युटरसमोर बसून जेवत होते. हातातला घास हातातच राहिला. कप्पा क्षणभर बाहेर थांबला, आत गेला आणि पुन्हा बाहेर आला. हिलालना वाटलं, आपलंच कोपर कुठेतरी लागलं असेल. त्यांनी ताट उचललं आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले. बायकोला, सरलाबाईंना, काही सांगितलं नाही.

सुरतेजवळच्या भेस्तानमधल्या त्यांच्या गल्लीत तो पहिलाच कॉम्प्युटर होता. हिलाल पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये सुपरवायझर होते. मुलगी नूतन कॉम्प्युटरचा कोर्स करत होती, म्हणून त्यांनी तो घेतला आणि पुढच्या खोलीत, रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसेल असा मांडला. मागाहून फोनच्या वायरीवरून इंटरनेटही घेतलं. संध्याकाळी इंटरनेट लागलं की फोन बंद पडायचा. मग हिलाल शेजाऱ्यांना कौतुकाने सांगायचे, आता आमच्याकडे फोन करू नका, लागणार नाही.

कप्प्याचं प्रकरण मात्र वाढत गेलं. दुसऱ्या दिवशी पडद्यावरचं सगळं उलटं झालं. सरलाबाईंनी मॉनिटरला लिंबू-मिरची बांधली. त्यानंतर माऊसचा बाण कुणीही हात न लावता फिरू लागला आणि फिरत फिरत नेमका लिंबाखाली जाऊन थांबला. सरलाबाईंनी पुढच्या खोलीत एकटीने जाणंच सोडलं.

नूतनने क्लासच्या हितेशभाईंना विचारलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की हा साधा व्हायरस नाही, हे मागचं दार आहे. कुणीतरी एखाद्या प्रोग्रामच्या पोटात लपवून ते आत सोडतो. नंतर तुम्ही इंटरनेट लावलंत की तो त्याच्या घरी बसून तुमचा कॉम्प्युटर चालवतो. तुम्ही काय टाइप करता ते वाचतो, आणि माईक लावलेला असेल तर घरातलं बोलणंही ऐकतो.

नूतनने घरी येऊन एवढंच म्हटलं की मागचं दार उघडं राहिलंय. हिलाल उठले आणि मोरीमागच्या दाराची कडी हलवून आले. सरलाबाईंनी देवाची शपथ घेऊन सांगितलं की कडी त्या रोज लावतात. मग नूतनने दोघांना बसवून नीट समजावलं. माईकचं कळताच दोघांचे चेहरे उतरले. माईक महिन्याभरापासून तिथेच टेबलावर होता, आणि घरातल्या साऱ्या गोष्टी त्याच्यासमोरच होत असत.

सरलाबाई आधी सावरल्या. "आपन घरमा अहिराणी बोलतस," त्या म्हणाल्या. "त्या चोरले काय समजी?"

हे हिलालनाही पटलं. नूतन म्हणत होती की हितेशभाईंना बोलावून आत्ताच्या आत्ता ते काढून टाकू. पण रविवारी तिला बघायला बारडोलीहून पाहुणे यायचे होते. मुलगा गोपाल देसले तिथल्या साखर कारखान्याच्या ऑफिसात होता, आणि वडील दगाअण्णा त्याच कारखान्यातून निवृत्त झाले होते. असं स्थळ पुन्हा चालून येणार नव्हतं. मुलीला कॉम्प्युटर येतो हे हिलालनी चार वेळा कळवलं होतं. ते काढता काढता ऐनवेळी तोच बंद पडला असता तर तोंड दाखवायला जागा उरली नसती.

"रविवार व्हऊ दे," ते म्हणाले. "मंग जे काढनं ते काढ."

रविवारी पाहुणे वेळेवर आले. दगाअण्णा धिप्पाड, भरघोस मिशांचे आणि कमी बोलणारे. गोपाल त्यांच्याहून कमी बोलणारा. तो खुर्चीच्या कडेवर बसला आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. हिलालनी इंटरनेट लावूनच ठेवलं होतं. त्यांनी कुठल्याशा परदेशातलं हवामान पाहुण्यांना दाखवलं. तिथे बर्फ पडत होता. दगाअण्णांनी मान डोलावली.

नूतन घाऱ्यांची ताटली घेऊन आली. सुरतेत पाहुण्यासमोर घारी ठेवली नाही तर पाहुणचार कसला? आत माव्याचं सारण भरलेली, तुपाने माखलेली पहिली घारी दगाअण्णांनी बघता बघता संपवली. सरलाबाईंनी आग्रह केला, अण्णा, अजून एक घ्याच. दगाअण्णा नाही म्हणाले, मग हसले आणि हात पुढे केला.

तेवढ्यात कॉम्प्युटरने घंटा वाजवली. बर्फावर एक पांढरी चौकट उघडली. तिच्यात इंग्रजी अक्षरं होती, पण भाषा अहिराणी होती. नूतनच्या तोंडून ती नकळत मोठ्याने वाचली गेली.

"अण्णा, दुसरी घारी नको. डॉक्टरनी काय सांगेल शे?"

दगाअण्णांचा घारी घेतलेला हात तसाच हवेत राहिला. त्यांना साखरेचा आजार आहे हे भेस्तानमध्ये कुणाला माहीत असण्याचं कारणच नव्हतं. हळूहळू त्यांनी घारी ताटलीत परत ठेवली, कॉम्प्युटरकडे बघितलं आणि उठून उभे राहिले. सरलाबाईंनी कॉम्प्युटरला हात जोडले.

गोपालचा चेहरा पांढराफटक पडला होता. घरात आल्यापासून तो पहिल्यांदाच बोलला, तोही पुटपुटल्यासारखा. "शोभा शे," तो म्हणाला.

शोभा म्हणजे त्याची बहीण. बारडोलीत तीही कॉम्प्युटर शिकत होती. आता नूतनच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. महिन्यापूर्वी गोपालचा फोटो ईमेलने आला होता, आणि फोटोबरोबर बेडूक मारायचा एक छोटा खेळ. तो खेळ घरात कोण खेळलं, असं तिने विचारलं. हिलालनी नजर चुकवली. फोटो एकदा बघून खेळ रोज खेळणारे तेच होते.

झालेला धक्का आता रागात बदलला. हिलालनी कॉम्प्युटरमधली फोनची वायर उपटली आणि परत फोनला जोडली. जोडताक्षणी फोन वाजला. पलीकडे शोभाच होती. अण्णांनी घारी ठेवली का, हे तिला विचारायचं होतं.

हिलालनी तिला बोलूच दिलं नाही. सोयरीक करायची तर चार लोकांत चौकशी करावी, असं दुसऱ्याच्या घरात कान लावून बसणं ही चोरी आहे, मी पोलिसात जाईन, असं ते एका दमात म्हणाले. दगाअण्णा मान खाली घालून ऐकत होते. मुलीने जन्मात अशी लाज आणली नव्हती.

शोभाने सगळं शांतपणे ऐकलं.

"काका," ती म्हणाली, "बुधवारनी संध्याकाळले तुम्ही अण्णास्ना मिशास्वर जे बोलनात, ते सांगू का त्यास्ले?"

बुधवारी हिलालनी पोस्टाने आलेला दगाअण्णांचा फोटो बघितला होता, आणि अशा मिशांनी आमच्या मिलमधली रंगाची टाकी दोन हातांत घासून निघेल, असं म्हटलं होतं. त्यावर सरलाबाई पोट धरून हसल्या होत्या.

हिलालचा आवाज एकदम खाली आला. नाही नाही, तुमचंही बरोबरच आहे, आजकाल चौकशी करावीच लागते, असं ते म्हणाले. ती काय सांगते, असं दगाअण्णांनी विचारलं. तुमच्या तब्येतीची फार काळजी करते, असं हिलालनी सांगितलं आणि रिसीव्हर घाईघाईने नूतनच्या हातात दिला.

नूतनने चौकशीबद्दल एक शब्द काढला नाही. "आता हे काढायचं कसं, तेवढं सांग," ती म्हणाली.

शोभा सांगत गेली. नूतन मानेत रिसीव्हर धरून करत गेली. कॉम्प्युटर सुरू होताना आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामांच्या यादीत एक परकं नाव निघालं. ते तिथून पुसलं, मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं आणि मग विंडोजच्या फोल्डरात दडलेली मूळ फाइल काढून टाकली. नाव नीट बघ, शेजारचं पुसलंस तर कॉम्प्युटर उठणारच नाही, असं शोभाने बजावलं. हिलालचा खेळही गेला. मधेच दोघी कशावर तरी हसल्या. हिलाल प्रत्येक हसण्याला दचकले.

फोन ठेवून नूतन वळली. दगाअण्णांनी टोपी हातात घेतली होती.

गोपालने घसा साफ केला. "आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर पण तिनं तेच टाकलंय," तो म्हणाला. "माझं सगळं वाचते. दोन वर्षं झाली. ते काढायचं मला शिकवाल का?"

घाऱ्यांची ताटली घेऊन येताना नूतनने त्याच्याकडे जेमतेम एकदा बघितलं होतं. आता तिने नीट बघितलं. मग कोपऱ्यातली दुसरी खुर्ची ओढून आपल्या खुर्चीशेजारी ठेवली.

"बसा," ती म्हणाली. "पण आधी तो माईक काढा."