पाठीवर पडलेली हाक

"जानाऱ्या मानसाला मागनं हाक मारू नये रं बाळा, त्याची वाट मोडती."

सत्यम चौथीत असताना आईचा हा आवाज त्याच्या कानात बसला तो बसलाच. त्या दिवशी त्याचे वडील, महिपती, भाजे गावातून मळवली स्टेशनाकडे कामावर निघाले होते आणि भाकरीचं फडकं चुलीपाशीच राहिलं होतं. रतनबाई फडकं हातात घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. नवरा बांधावरून दिसत होता, हाकेच्या टप्प्यात होता. पण तिनं हाक मारली नाही. तो दिसेनासा झाल्यावर सूप हातात घेऊन तांदूळ पाखडत ती गुणगुणत राहिली:

*वाट निघाली रानात, तिला मागं वळवू नये,*
*जानाऱ्याच्या पाठीवरी हाक माझी पडू नये.*

महिपती त्या दिवशी उपाशी राहिला, पण वाट मोडली नाही.

याच रतनबाईच्या पोटी जन्मलेला सत्यम आता मुंबई विमानतळाच्या दारात उभा होता. पाठीमागं सामानाचा ढीग, शेजारी बायको पायल, समोर बंदूकधारी शिपाई. शिपाई पासपोर्ट मागत होता.

"दे," सत्यम पायलला म्हणाला.

"काय दे? काल संध्याकाळी फाइल तुझ्या हातात दिली मी."

"मी आईकडं दिली. देवापुढं ठेवते म्हणाली."

"मग आईंकडून परत घेतली का?"

सत्यमनं विमानतळाच्या उंच छताकडे पाहिलं. दोघांचे पासपोर्ट, त्यांतल्या व्हिसासकट, भाज्याच्या घरात देव्हाऱ्यात होते. हळदीकुंकू वाहिलेले, वर जास्वंदीचं फूल ठेवलेले. रविवारची संध्याकाळ होती. घाटात गाड्यांची रांग लागली होती आणि त्याच रांगेतून हे दोघं कसेबसे इथवर पोचले होते. आता तिकडून कोणी निघालं तरी विमान त्याच्यासाठी थांबणार नव्हतं.

"दोन वर्षं," पायल म्हणाली. तिचा आवाज शांत होता, म्हणून सत्यम जास्त घाबरला. "दोन वर्षं मी त्या क्रोएशियाच्या हॉटेलात नोकरी मिळावी म्हणून इंग्रजी शिकले. चादरी कशा घालायच्या त्याची परीक्षा दिली. समुद्राकाठी राहायला खोली शोधली. आणि माझा पासपोर्ट खंडोबाशेजारी बसलाय."

"घरी जाऊ. पुढच्या तुकडीबरोबर..."

"घरी? कुठल्या तोंडानं? त्या फ्लेक्सखालून?"

हा खरा पेच होता. महिपतीआबांनी भाज्याच्या वळणावर भलामोठा फ्लेक्स लावला होता. *सातासमुद्रापार झेप, भाजे गावची पहिली जोडी.* त्यावर सत्यम आणि पायल यांच्यामागं विमान उडत होतं आणि खाली अख्ख्या भावकीचे हसरे चेहरे होते. गावानं दोघांना शाल-श्रीफळ दिलं होतं. घरोघरी जेवणं झाली होती, पायलची ओटी इतक्यांदा भरली गेली होती की नारळांचं पोतं झालं होतं. निघताना रतनबाईनं तळहातावर दही घातलं होतं. गाव वेशीपर्यंत आलं होतं. फ्लेक्सखाली जीप थांबवून फोटो काढण्यातच कितीतरी वेळ गेला होता. एवढं करून माणसं रात्रीच्या जेवणाला घरी परतली, तर गाव पुढच्या दोन पिढ्या हसलं असतं.

जीप चालवणारा पप्पू सत्यमचा चुलत भाऊ होता. त्याला तिथंच एकवीरेची शपथ घालण्यात आली.

"मी न्हाई बोलायचा," पप्पू म्हणाला. "पन तुमी ऱ्हानार कुटं?"

"लोणावळ्यात," सत्यम म्हणाला.

"भाज्याशेजारी?"

"भाज्यातलं कोण लोणावळ्यात फिरायला जातं?"

हे मात्र खरं होतं.

हॉटेलनं कळवलं की कामगारांची पुढची तुकडी महिन्याभरानं निघेल, तेव्हा या. खोली मात्र दुसऱ्याला दिली आहे, नवी शोधा. पायलनं तो निरोप दोनदा वाचला आणि फोन पालथा ठेवला. परदेशात खोली शोधायची ती पुढं. आधी स्वतःच्या तालुक्यात खोली मिळत नव्हती. एका घरमालकानं नवरा-बायको असल्याचा पुरावा मागितला. दुसऱ्यानं शनिवार-रविवारचा वेगळा दर सांगितला. तिसऱ्यानं पोतंभर नारळ पाहून विचारलं, दुकान टाकणार आहात का.

चौथं दार त्र्यंबक सरांचं होतं. निवृत्त मुख्याध्यापक, तुंगार्लीच्या बाजूला जुना बंगला, मागं एक खोली. सरांनी आधारकार्डं डोळ्यांजवळ धरून वाचली.

"पत्ता भाजे. म्हणजे इथून रिक्षानं जाल. मग घरी का राहत नाही?"

"आम्ही परदेशी गेलोय," सत्यम म्हणाला.

सरांनी चष्मा काढला. "केव्हा?"

"काल."

पायलचा संयम सुटला. "सर, तुम्हाला हसायचं तर हसा. आम्हाला घरी जाता येत नाही, कारण आमचा सत्कार झालाय. यांच्या आईनं पासपोर्ट देवाला दिले, यांनी ते परत घेतले नाहीत, यांच्या वडिलांनी फ्लेक्स लावला, आणि तोंड लपवायचं मी. मी काय केलं? मी फक्त ओटी भरून घेतली."

सर हसले नाहीत. त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून बायकोला हाक मारली. "पद्मजा, चहा टाक. सत्कार झालेली माणसं आहेत." मग खुर्ची पुढं सरकवत ते म्हणाले, "माझा निवृत्तीचा सत्कार झाला. हार, पगडी, सगळं. दुसऱ्या दिवशी संस्थेनं सांगितलं, नवीन माणूस मिळेपर्यंत या. पुढचं अख्खं वर्ष मी शाळेत मागच्या दारानं जात होतो. बसा."

खोली मिळाली, आणि खोलीबरोबर कामही. सरांचा पुढचा बंगला सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांना दिला जाई. सत्यमनं त्यांचा स्वयंपाक करायचा, पायलनं खोल्या लावायच्या.

"थोडक्यात," पहिल्याच दिवशी ओल्या चादरी पिळत पायल म्हणाली, "जे काम करायला मी सातासमुद्रापार निघाले, तेच करतेय. फक्त समुद्र नाही आणि पगार लोणावळ्याचा."

"हवा तर चांगली हाय," सत्यम म्हणाला. त्यानंतर दिवसभर त्याला बोलू देण्यात आलं नाही.

घरी फोन करणं भाग होतं, आणि महिपतीआबांना चेहरा बघूनच बोलायचं असे. सत्यम बंगल्याच्या पोहण्याच्या हौदाशेजारी उभा राही. मागं धुकं असे. धुक्याला देश नसतो, हा मोठा आधार होता. घड्याळ साडेतीन तास मागं आहे हे ध्यानात ठेवून तो दुपारी "आत्ताच न्याहारी केली" असं सांगे.

"समिंदर दाव की," आबा म्हणत.

"धुक्यात हाय, आबा."

एकदा बोलता बोलता त्याच्या मागच्या कठड्यावर एक माकड येऊन बसलं आणि टॉवेल घेऊन गेलं. पायलनं कपाळाला हात लावला. आबा आधीच फोन रतनबाईकडं देऊन शेजाऱ्याला बोलवायला गेले होते. पडद्यावर आता रतनबाई होती. तिनं माकड नीट पाहिलं.

"तितं बी माकडं हायती व्हय?"

"हायेत, आई. थोडी वेगळी असतात."

"असू दे," ती म्हणाली. "टावेल सांबाळा."

महिना संपत आला. तिकिटं पुन्हा काढली, क्रोएशियात एक खोलीही मिळाली. राहिले पासपोर्ट. ते आणायला पप्पूला पाठवलं. पप्पू रिकाम्या हातानं परत आला.

"काकी म्हनली, ज्याचं हाय त्यानं यावं आन् न्यावं."

"तिला कळलंय?" सत्यमचा घास हातातच राहिला.

"कळायचं काय? रोज सकाळी त्या पासपोर्टांवर फूल वाहती ती. तुज्याबिगर तुजा पासपोर्ट हितं हाय म्हंजी तू कुटं असशील, ह्ये समजाया शाळा लागती का?"

पायल ताडकन उभी राहिली. "म्हणजे पहिल्या दिवसापासून त्यांना ठाऊक आहे. आणि मी रोज धुक्यात उभी राहून जेट लॅग झाल्याचं सोंग करतेय. टावेल सांबाळा म्हणे."

रविवारी दोघं भाज्याला निघाले. रविवारी लेणी आणि धबधबा बघायला एवढे लोक येतात की गावात गावकरीच शोधावे लागतात. दोघांनी पाहुण्यांसारखे पायघोळ रेनकोट चढवले, टोप्या कपाळावर ओढल्या, तोंडाला मास्क लावले. स्वतःच्या गावात शिरताना सत्यमच्या चुलत्यानं त्यांच्याकडून गाडी लावायचे पैसे घेतले. गाडी नव्हती, तरी घेतले.

वळणावर फ्लेक्स होता. पावसानं विमानाचा रंग उडाला होता. खाली महिपतीआबांनी मक्याच्या कणसांची शेगडी मांडली होती.

"या पावनं, गरमागरम खावा. ह्यो वरचा फोटू बघितला का? माजा पोरगा. आन् ही सून. तिकडं लय मोठ्या हाटेलात हायती. पोरगी लय गुनाची. तिच्याच जिवावर गेला त्यो, न्हाईतर आमचं येडं काय जातंय."

सत्यम चिखलाकडे पाहत राहिला. पायलनं मास्कआडून, जमेल तेवढ्या मुंबईच्या हिंदीत, "बहुत अच्छा, अंकल" म्हटलं आणि कणीस घेतलं. पुढं गेल्यावर तिनं ते खाल्लं नाही. नुसतं हातात धरून चालत राहिली. दाणे गरम होते, आणि महिनाभर सांभाळलेला तिचा राग त्या उबेनं जरासा सैल पडल्यासारखा झाला.

घराच्या उंबऱ्यात रतनबाई तांदूळ पाखडत बसली होती. तिनं मान वर केली, दोन्ही रेनकोट न्याहाळले आणि सूप बाजूला ठेवलं.

"या पावनं. चा घेनार?"

"आई," सत्यम म्हणाला.

"वळकलं मी. पाय धू आदी."

तिनं देव्हाऱ्यातून पासपोर्ट आणले. निळ्या पुठ्ठ्यांवर हळदीकुंकवाचा थर बसला होता. ती पदरानं ते पुसू लागली, तेव्हा इतके दिवस तुंबलेलं पायलच्या तोंडून बाहेर आलं.

"आई, तुम्ही हे केव्हा पाहिलेत?"

"तुमी उंबरा वलांडला तवाच."

"तेव्हा तर जीप फ्लेक्सखाली उभी होती. आबा सगळ्यांना ओळीत लावून फोटो काढत होते. इथून दिसतं ते. तुम्ही एक हाक का नाही मारली?"

"मागनं हाक मारू नये, बाय."

"त्या एका हाकेपायी आमचं विमान गेलं, खोली गेली. महिनाभर मी माझ्याच तालुक्यात चोरासारखी राहिले. असली कसली रीत?"

रतनबाईनं उरलंसुरलं कुंकू पदरानं पुसलं. तिनं पासपोर्ट सुनेच्या हातात ठेवले, वर चिमूटभर साखर ठेवली. या वेळी पायलनं ते स्वतः पर्सच्या आतल्या कप्प्यात घातले, चेन ओढली आणि ओढलेली चेन पुन्हा तपासली. पाया पडून दोघं निघाले. पाठ वळली. वाटेत सत्यमला आठवलं, आता मागून आवाज यायचा नाही. लहानपणापासून कधीच आला नव्हता.

फ्लेक्सपाशी आबा नव्या गिऱ्हाइकाला विमान दाखवत होते. त्यांच्या अगदी समोरून दोघं खाली मान घालून पुढं सरकले.

"सत्याऽऽ."

हाक पाठीवर पडली. सत्यमला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की ती किती जड असते. तो वळला. पायल वळली. मक्याच्या शेगडीवरून आबा वळले, गिऱ्हाइकं वळली, गाडीचे पैसे घेणारा चुलता वळला. आबांनी रेनकोटातल्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग वर फ्लेक्सकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे. त्यांच्या हातातलं कणीस करपू लागलं.

रतनबाई चिखलातून अनवाणी येत होती. धाप लागली होती. गाव बघतंय याची तिला पर्वा नव्हती. ती थेट पायलसमोर येऊन थांबली.

"हाक मारायची न्हाई ही रीत खरी," ती म्हणाली. "पन त्या दिशी माज्या कमरंला फोन व्हता. फोनची कसली आलीय रीत. जीप हितं उबी व्हती तवर मी त्यो हातात धरून बसलेले."

तिनं पायलच्या रेनकोटाची उघडी राहिलेली गुंडी लावली.

"न्हाई लावला मी. तुमी जाऊ नये आसं वाटत व्हतं, पोरी."