छापील पोपटाचा खर्चा

बाळांनो, समजा तुमच्याजवळ एक पोपट आहे. छापील. तो पेरू खात नाही, पिंजरा मागत नाही, चावत नाही. असा पोपट फुकटात पोसता येईल, असं तुम्हाला वाटतं ना? मोठ्या माणसांनाही आधी तसंच वाटतं. म्हणून तर अंदाजपत्रक करावं लागतं.

निजामाचा हाली रुपया चालायचा तेव्हाची गोष्ट. जालन्यात दीपचंद शेटजींचं दंतमंजनाचं दुकान होतं. त्यांची बायको धापूबाई प्रत्येक पुडीला लाल दोऱ्याची दुहेरी गाठ मारायची. राजूरपासून घनसावंगीपर्यंत मंजन खपायचं, पण बिनमार्क्याचं. ही उणीव रामराव वकिलांच्या ध्यानात आली.

"शेटजी, उद्या समोरच्या गिरधारीलालनं नक्कल केली तं? मार्का नोंदवून टाका. पोपटाचं चित्र बराबर राहील."

अंदाजपत्रक झालं. अर्जाची फी. पोपटाच्या बऱ्याच तसबिरी, कारण एका पोपटावर सरकारचा विश्वास बसत नाही. पोपट हा पोपटच आहे, हे उर्दूत लिहून देण्याचा मेहनताना. हैदराबादचं जाणं-येणं (वकिलांचं, पोपट घरीच). मुंबईच्या छापखान्याला कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये, आणि हाली देऊन कलदार घेताना येणारी घट. दुसऱ्या कुण्या पोपटवाल्यानं हरकत घेतली, तर तिचा खर्चा वेगळा. शेवटी नूतनीकरणासाठी दरसाल बाजूला टाकायची रक्कम. पोपट म्हातारा होत नसला तरी त्याची नोंद होते.

बेरीज पाहून शेटजींनी काटकसर आरंभली. आधी मंजनातली लवंग गेली, मग कापूर. त्यांच्या जागी राख आली. तरी नूतनीकरणाला कमीच पडलं! मग त्यांनी लाल दोऱ्यावर बोट ठेवलं.

"दोरा राहू द्या," धापूबाई म्हणाली. "लोक दोरा पाहूनच घेऊन राह्यले."

"दोऱ्याची कुठं नोंद हाय का?"

"पोपटाला दात हायेत का?"

(हा प्रश्न अंदाजपत्रकात बसत नव्हता.)

दोरा गेला आणि पुडीवर पोपटाचा छापील कागद आला. मग मार्का नोंदल्याचा दाखला आला. तो काचेत बसवून दुकानात टांगला. शंभरातल्या नव्वद गिऱ्हाइकांना वाचता येत नव्हतं, उरलेली दहा उधारीवर नेत. समोर गिरधारीलालनं आपल्या मंजनाला लाल दोऱ्याची दुहेरी गाठ मारायला सुरुवात केली. शेटजींचं दुकान बसायला आलं. वकिलांनी पाहणी करून सांगितलं, की काळजी नाही. पोपटाला कुणीही हात लावलेला नाही.

बाजाराच्या दिवशी हसनाबादच्या साळूबाईची नात, नंदा, दुकानात आली. शेटजींनी तिच्या हातात पुडी ठेवली आणि दाखल्याकडे बोट केलं.

तुम्ही शाळेत जाता. तुम्ही दाखला वाचला असता, शिक्का ओळखला असता आणि राख घेऊन घरी गेला असता. नंदाला वाचता येत नव्हतं. तिनं पुडी उघडली, चिमूटभर मंजन दाताला लावलं आणि ती बाहेर जाऊन थुंकली. मग तिनं उरलेलं मंजन शेटजींच्या तराजूत ओतलं आणि पोपटाच्या कागदाची नीट घडी घातली.

"पोपट चांगला हाय, काका. ह्यो मी ठेवते," ती म्हणाली, आणि पैसे मुठीत धरून समोर लाल दोऱ्याकडे गेली.