कळवतो

आमच्या शेजारचे गुणवंतकाका कुणाचे गुण ऐकून घेत नाहीत. म्हातारं, आजारी, घराला नकोसं झालेलं जनावर त्यांना देताना कुणी "फार गुणी आहे हो" म्हणालं, की ते हात वर करतात. "गुण राहू द्या तुमच्यापाशी. अवगुण सांगा!"

ही सवय त्यांच्या धंद्याच्या अगदी उलटी. काकांनी नांदुऱ्यात राहून जन्मभर सोयरिकी जमवल्या आणि अवगुण झाकणं हेच त्यातलं कसब होतं. माझी सोयरीकही त्यांचीच. माझ्या माहेरी, वरवट बकालला, वडिलांपुढे बसून त्यांनी सांगितलं होतं, "पोराचा आवाज मोठा भारदस्त हाय." लग्नानंतर कळलं, तो घोरण्याचा. मी तक्रार घेऊन गेले, तर म्हणतात, "मंग खोटं बोललो काय? आवाज कधीचा, हे तुह्या बापानं इचारलंच नाही."

आता सोयरिकी मोबाइलवर जमतात, काकांना कोणी बोलावत नाही. म्हणून त्यांनी मोर्चा जनावरांकडे वळवला, पण रीत सोडली नाही. मध्यस्थीचा काळा कोट घालायचा, खिशात सुपारी टाकायची आणि एक पाय ओढत जनावर 'पाहायला' जायचं. पाहायला जाताना सोबत बाईमाणूस पाहिजे, म्हणून माझी वरात. पसंती झाली की तिथेच सुपारी फोडायची. सुपारी फुटली की सोयरीक पक्की.

आटलेली म्हातारी बकरी पाहायला गेलो, तेव्हा मालकिणीने आधी बकरीचं दावं आवळून बांधलं. मग हळूच म्हणाली, "शिंगं मारते."

"कोणाले?"

"सासूले."

"आमच्या घरी सासू नाही. चालते," म्हणून काकांनी सुपारी काढली.

मला ती बकरी तेव्हाच धड वाटली नव्हती. मी कानाशी लागून म्हणाले, "काका, आज नुसतं कळवतो म्हणा ना." पाहायला गेलेल्या घरी 'कळवतो' म्हणायचं, म्हणजे नाही म्हणायचं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण काका भर अंगणात खेकसले, "तो शब्द माह्यासमोर काढू नोको!" बकरी त्याच दिवशी घरी आली आणि तिने पहिला प्रसाद मला दिला. सासू नसली तरी शेजारीण होतीच.

यंदाच्या थंडीत शेरूचं स्थळ आलं. स्टेशनकडचं एक कुटुंब मुलाकडे पुण्याला निघालं होतं आणि म्हातारं कुत्रं फ्लॅटमध्ये चालणार नव्हतं. मालक कौतुक सांगायला लागला. काकांनी हात वर केला.

"दोष तं काहीच नाही," मालक म्हणाला.

"मंग ठेवा तुमच्यापाशी."

तेव्हा तो खाली बघत म्हणाला, "डोळ्यानं कमी दिसते. अन् कोणी पाय आपटला, की भिंतीले चिकटते."

"काऊन? पाय आपटून मारलं काय त्याले?"

मालक साखळी सोडायला वाकला. शेरूच्या गळ्याभोवतीचे केस साखळीने पार झडले होते. काकांनी कोटाच्या खिशात हात घातला खरा, पण सुपारी काढली नाही. "चाल बापू," एवढंच म्हणाले आणि त्याला ऑटोत घातलं.

घरी आल्यावर शेरू बाजेखाली शिरला तो शिरलाच. भाकर-दूध नाही, अंडं नाही, मी दिलेली पोळी नाही. काका पाय ओढत जवळ गेले, की त्या फरफटीच्या आवाजानेच तो भिंतीला चिकटे. डॉक्टर घरी येऊन सुई देऊन गेले आणि जाताना म्हणाले, पोटात अन्न गेलं नाही तर हा हाती लागणार नाही. मला रडूच आलं. इतक्या हालांतून सुटलेलं जनावर आता आपल्या घरी उपाशी मरणार, हे काही सोसवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी घेऊन गेले, तर काका कोट घालून, भांग पाडून बाजेसमोर जमिनीवर बसलेले. चालायचं बंद, नुसतं बसायचं. समोर बशीत पोहे.

"कुत्र्याले पोहे?" मी म्हणाले.

"कांदा नाही टाकला. डॉक्टर नाही म्हणते." मग म्हणाले, "आपण त्याले पाहून आलो. त्याले कोणी इचारलं काय वं? आता तो पाहाले आला हाय. पाहाले आलेल्याले पोहे द्या लागते."

मी हसले. ते हसले नाहीत. "मी बी लय घरचे पोहे खाल्ले, पोरी. दारातून आत जाऊस्तोवर सारे माहा पाय पाहत. मंग पोहे येत, चहा येई. उठताना पोरीचा बाप म्हणे, कळवतो." ते बशीकडे बघत राहिले. "कोणीच नाही कळवलं. दुसऱ्याचं कळवता कळवता म्हातारा झालो. म्हणून तो शब्द मले नोको वाटते."

पंचक्रोशीची लग्नं लावणारा हा माणूस स्वतः बिनलग्नाचा का, हे मी इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं. त्यांच्या वधूवरांच्या घोळात ते विचारायचं सुचलंच नाही. मी भाकरी ठेवून घरी आले.

भाजी चिरायला बसले, तोच कुंपणापलीकडून हाक आली, "ए पोरी! धाव, धाव!"

विळी तशीच सोडून पळाले. बशी चाटून लख्ख झाली होती. काका होते तसेच बसलेले आणि शेरू बाजेखालून अर्धा बाहेर येऊन, त्यांच्या त्याच अधू पायावर मान टाकून झोपला होता. त्याच्या मिशीला पोहे.

"पाय हलवू नोका," मी म्हणाले.

"येडी झाली काय? हलवतो मी?" काकांच्या डोळ्यांना धार लागली होती, पण पुसायला हात उचलायचीही त्यांची छाती नव्हती. "माह्या कोटात सुपारी हाय. काढ अन् तूच फोड, बाहेर जाऊन. आवाजानं उठीन तो."

मी दारापुढच्या ओट्यावर जाऊन सुपारी फोडली. परत आले, तेव्हा काका कुजबुजत्या आवाजात, जणू सगळ्या पंचक्रोशीला सांगावं तसे म्हणाले, "कळवलं वं त्यानं."