रोशव्हॅनांच्या घरची वाईट बातमी

पहिल्यांदा जोगळेकर भावजी सकाळी आठला पांढरेफटक होऊन दारात उभे राहिले, तेव्हा माझ्या हातातलं उलथनं गळून पडलं.

"वहिनी, वाईट बातमी. रॉजे गेला."

"अगंबाई! ऑफिसातले का तुमच्या?"

"छे हो. रोशव्हॅनांचा धाकटा. अँटिओकला, तापानं. लग्नसुद्धा व्हायचं होतं."

रॉजेला जाऊन नऊशे वर्षं झाली होती, हे कळेपर्यंत मी दाराला धरून खाली बसले होते.

भावजी ल्यूकनमध्ये आमच्या शेजारी राहतात, भिंतीला भिंत लागून. औषधांच्या कारखान्यात कागदपत्रं तपासायची नोकरी. इथल्या लायब्ररीत वंशावळीचा वर्ग भरतो. बाकीचे तिथे आपापले पणजोबा शोधतात. भावजींनी मात्र जोगळेकरांना सोडून रोशव्हॅन नावाचं फ्रेंच सरदार घराणं दत्तक घेतलं. या घराण्यातले पुरुष पिढ्यान् पिढ्या जेरुसलेमच्या धर्मयुद्धाला जात आणि बहुतेक तिकडेच मरत.

"माझ्या सासूबाईंचं माहेरचं आडनाव यांना आठवत नाही," त्यांच्या बायको नीलाताई म्हणतात, "पण रॉजेच्या आत्याचे तिन्ही नवरे पाठ!"

वंशावळीचा कागद त्यांच्या किचनमधल्या प्रेसपासून (इथले आयरिश लोक कपाटाला प्रेस म्हणतात) जिन्यापर्यंत गेलाय. चूक झाली तर खोडायचं नाही. एकच रेघ मारायची, सही करायची, वेळ घालायची. हा कारखान्याचा नियम. "लिहिलं नाही, तर घडलं नाही," हे त्यांचं ब्रीदवाक्य. आणि उशिरा लिहून मागची वेळ घालणं म्हणजे महापाप. तेवढ्यावरून त्यांनी एका माणसाला रडवलं होतं म्हणे.

माणूस मात्र भित्रा. फोन वाजला की विंचू दिसल्यासारखे मागे सरकतात. घरातले सगळे फोन नीलाताईच घेतात.

भावजींचा जीव अडकला होता तो आलिक्समध्ये. ही रॉजेची थोरली वहिनी. तिचा नवरा वाटेतच मेला, पण बातमी घरी पोचायला दोन वर्षं लागली. तोवर दानपत्रांवर ती 'पत्नी' म्हणूनच शिक्का मारत होती.

"ती दोन वर्षं काय लिहू, वहिनी? पत्नी की विधवा?"

"विधवाच की."

"तिला कुठे माहीत होतं? सणाला नटली असेल हो. हसली असेल." त्यांचा आवाज कापत होता. मी मात्र हसले. म्हटलं, कमाल आहे तुमची!

गेल्या महिन्यात नीलाताईंच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशनला भावजी त्यांना टॅलाच्या हॉस्पिटलात सोडून आले. नर्सनं सांगितलं होतं, घरी जा, झालं की फोन करू. ते घरी न जाता आमच्याकडे आले, फोन टेबलावर ठेवला आणि स्वतः मागच्या दारापाशी जाऊन उभे राहिले. चहा गार झाला. खरं सांगायचं तर मीही घाबरले होते.

"आई गेली ना," ते एकदम म्हणाले, "तेव्हा मी कारखान्याच्या निर्जंतुक खोलीत, क्लीनरूममध्ये होतो. फोन आत नेता येत नाही, लॉकरमध्ये होता. जेवायच्या सुट्टीत लॉकर उघडायचा कंटाळा केला. सात तास, वहिनी. कँटीनमध्ये कुणीतरी विनोद केला, मी पोट धरधरून हसलो. तिकडे नाशिकला आईला पोचवून माणसं घरी आली होती."

मला आलिक्स आठवली, आणि तेव्हाचं माझं हसणं. फार लाज वाटली.

फोन वाजला. भावजी भिंतीला चिकटले.

"वहिनी, तुम्ही घ्या."

माझे आई-वडील सांगलीला असतात. फोन उचलताना हात गार पडणं म्हणजे काय, ते मला कुणी शिकवायला नको. तरी उचलला. नर्सचं बोलणं दोनदा ऐकून घेतलं.

"ग्रँड आहेत म्हणे, एकदम छान! गाठ साधी निघाली. अर्धा तास झाला शुद्धीवर येऊन. चहा मागतायत."

"अर्धा तास?"

"हो."

"म्हणजे ती बरी होती, आणि मी इथे उगाचच घाबरत होतो?"

"उगाचच, भावजी."

"उगाचच," ते म्हणाले, आणि खुर्चीवर बसून लहान मुलासारखे रडले. मीही रडले.

मग डोळे पुसून त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात, त्या दिवसाच्या चौकोनात, बारीक अक्षरात लिहिलं, 'नीला बरी आहे.' पुढे वेळ घातली. फोन आला होता अकरा चाळीसला. भावजींनी अकरा दहा लिहिलं, आणि खाली सही केली.