गेनूनानाचे आरोपी

बंद पडलेल्या मशीनच्या टाकीत बोट बुडवायचं, नाकाशी न्यायचं, डोळे मिटायचे आणि ते मशीन कोणत्या सणाला ठेवून दिलंय ते सांगायचं, ही गेनूनानाची विद्या. "गौरी-गणपतीचं पेट्रोल हाय. दसऱ्याला बी झाकण उघडलेलं न्हाई." मालक म्हणतो, छे छे, नाना, परवाच भरलंय. नाना ते बोट शांतपणे मालकाच्याच पायजम्याला पुसतो. "खोटं माझ्याशी बोला. मशीनशी नगं."

पिरंगुटहून उरवड्याला जाताना रस्त्याकडेला नानाची पत्र्याची शेड आहे. ग्रास कटर, फवारणीचा पंप, भातखाचरात चिखल करायचा छोटा टिलर, थोडक्यात दोरी ओढून चालू होणारं जे जे काही आहे, ते शेवटी तिथं येतं. ही मशीनं दोन महिने राबतात, दहा महिने गोठ्यात पडून राहतात आणि ऐन गरजेला हूं की चूं करत नाहीत.

"समद्यांचा रोग एकच," नाना म्हणतो. "ठिवलेल्या पेट्रोलचा डिंक हुतो. कार्ब्युरेटरच्या भोकात जाऊन बसतो. मग वडा दोरी खांदा निखळस्तोवर!"

इथवर ठीक होतं. पण गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात या माणसानं एक नवीनच खूळ काढलं. मशीन ज्यानं शेवटचं बंद करून ठेवलं, त्यानंच स्वतः घेऊन यायचं. गडी पाठवायचा नाही, पोरगा पाठवायचा नाही. "आरोपी हजर करा," एवढंच म्हणायचं आणि तंबाखू मळत बसायचं. आता लोकांना काय दुसरे उद्योग नाहीत? पण तालुक्यात त्याच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही, म्हणून निमूटपणे यायचे.

माझाही नंबर लागला. उरवड्याच्या एका कारखान्यात मी तीस वर्षं स्टोअर सांभाळलं, त्यामुळे नाना मला 'ष्टोअरवाले' म्हणतो. माझा ग्रास कटर घेऊन गेलो तर म्हणाला, "ठिवला कोनी व्हता?"

"आमच्या हिनं."

"मग वैनींना आना."

आमची ही आली. कशी आली ते विचारू नका. कपाळावर आठ्या, हातात पिशवी, भाजीला निघाल्याचं सोंग. नानानं विचारलं, "वैनी, ठिवताना काय केलं?" ही म्हणाली, "काय करायचंय? माती लागली होती, साबण लावून स्वच्छ धुतला." नानानं प्लग काढला, आतून पाणी ठिबकलं. त्यानं माझ्याकडे दयेनं बघितलं आणि म्हणाला, "वैनी, त्ये भांडं न्हाई वो." घरी येईपर्यंत ही एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर मात्र बोलली, आणि सगळं मलाच.

सूसहून एक साहेब आले होते. इकडे फार्महाऊस, तिथला जनरेटर त्यांनी आधी, धक्का लागायला नको म्हणून, वॉचमनबरोबर गादीवर ठेवून पाठवला होता. नानानं परत पाठवला. रविवारी साहेब गाडी घेऊन स्वतः आले आणि मोबाइल पुढे करत म्हणाले, "नाना, मी व्हिडिओ बघितलाय, फक्त कार्ब्युरेटर क्लीन करायचाय." नानानं टाकीत बोट बुडवलं. "साहेब, ह्यात तुमी डिझेल घातलंय." साहेबांनी मोबाइल खिशात ठेवला.

आता या हसण्यामागचं दुखणं सांगतो. नानानं लग्न केलं नाही. धाकटा भाऊ सोपान शेजारीच राहतो आणि नानाचं दोन वेळचं जेवण त्याच्याच घरी. मागच्या वर्षीच्या वैशाखात सोपानच्या मुलाचं लग्न निघालं. पोरगा हिंजवडीला नोकरीला, मग काय विचारता! पत्रिका चार पानी. आजी-माजी सरपंच, सोसायटीचे संचालक, मंडळाचे सगळे कार्यकर्ते, झालंच तर सोपानच्या सासुरवाडीचे पोलीस पाटील. नावं वाचता वाचता चहा गार व्हायचा. त्या सगळ्या गर्दीत एकच नाव नव्हतं. सख्ख्या थोरल्या भावाचं.

नाना लग्नाला गेला, मागच्या रांगेत बसला, अक्षता टाकल्या आणि न जेवता परत आला. दुसऱ्या दिवसापासून स्वतःचं पिठलं स्वतः हाटायला लागला. भिंतीला भिंत लागून घरं, पण वर्षभर दोघा भावांचं बोलणं नाही. सोपानही काही कमी नाही. समजूत काढायला जायचं सोडून तोही फुगून बसला.

यंदा आषाढात सोपानचा टिलर बंद पडला. खाचरात पाणी भरलेलं, भाताची रोपं हातभर वाढून पिवळी पडायला लागलेली, लावणीच्या बायका परवावर ठरलेल्या. परवा चुकला तर त्या बायका पंधरा दिवस मिळत नाहीत. पिरंगुटचा मेकॅनिक म्हणाला, इंजिन खोलावं लागेल, आठ दिवस. सोपानची बायको, आमच्याच आळीतली, माझ्याकडे आली. "भावजी, तुमी मशीन नानांकडं न्या. ह्ये जायचे न्हाईत."

मी गेलो. नानानं वर बघितलंच नाही. "आरोपी?"

"अहो नाना, रोपं चाललीत!"

"मग आरोपीला बिगीबिगी येऊ द्या."

मी असा चिडलो! सोपानकडे जाऊन म्हटलं, तुमच्या भावाचं डोकं फिरलंय, तुमचं फिरवू नका, चला. तो तासभर उंबऱ्यावर बसून राहिला. मग उठला.

टेम्पोतून टिलर उतरवला. सोपान शेडबाहेर पागोळीखाली उभा. नानानं बोट बुडवलं, वास घेतला, पण सणाचं नाव काही घेतलं नाही.

"कोनी बंद केलं?"

"मी."

"कवा?"

"मागल्या लावणीनंतर."

"पेट्रोल का न्हाई काढलं?"

सोपान उसळला. "मला काय म्हाईत काढाय लागतं! धा वर्सं तूच काढतुयास. मी कवा टाकीला हात तरी लावलाय का?"

"मग इचारायचं."

"कुनाला? तू त्वांड फिरवून जातुयास!"

"आन् तू समद्या तालुक्याची नावं छापतुयास!" नानाचा आवाज चिरकला. "माझं न्हाई."

सोपान आत आला. "दादा, ज्यांचा मान ठिवायचा त्या परक्या मान्सांची यादी केली व्हती. तू त्या यादीत येशीलच कसा? तू घरातला. ध्येनातच आलं न्हाई माझ्या. पत्रिका छापून आल्यावर कळलं, आन् मग तुझ्याफुडं यायची लाज वाटाय लागली."

नानानं कार्ब्युरेटर उतरवला. खालच्या वाटीत पिवळा चिकट राप बसला होता. तो पुसला, केबलची एक बारीक तार भोकातून फिरवली, फुंकर मारली, प्लग पॉलिश पेपरनं घासला, ताजं पेट्रोल ओतलं. मग म्हणाला, "हितं ये. बघून ठिव. ठिवताना पेट्रोलचा हा कॉक बंद करायचा आन् इंजान चालूच ठिवायचं. आतलं पेट्रोल जळून त्ये आपसूक बंद पडतं. मंग टाकी रिकामी करायची."

"मला कशापाय शिकवतुयास?" सोपान म्हणाला. "तू हायेस की."

नानानं दोरीची मूठ त्याच्या हातात दिली. मग खाकरून म्हणाला, "वड दोरी." तिसऱ्या ओढीला टिलर धडधडला. शेडभर धूर झाला, त्यामुळे कुणाचे डोळे कशानं ओले झाले हे विचारायची सोय राहिली नाही. जाताना सोपान ओरडून सांगून गेला, "संध्याकाळी जेवाय ये. खेकड्याचं कालवण हाय!"

टेम्पो गेल्यावर मी नानाला धारेवर धरलं. "झालं ते छान झालं. पण तुमच्या या खुळापायी माझ्या बायकोला आरोपी करून उभं केलंत, त्याचं काय?"

नाना हात पुसत होता. "ष्टोअरवाले, एकल्या सोपानला ये म्हनलं असतं तर आला असता व्हय? म्हून समद्यांस्नीच नियम लावला. त्यो टाकी रिकामी करनार न्हाई, ह्ये मला पक्कं ठावं व्हतं. आज ना उद्या मशीन बंद पडनार, आन् त्याला यावंच लागनार." फडकं खुंटीला अडकवत म्हणाला, "वरीस लई लांब गेलं पन. टेम्पो थांबला की बघायचो, त्यो उतरतुया का."

मी तडक घरी आलो आणि आमच्या हिला सगळं सांगितलं. ती निवडत असलेली मेथी तशीच हातात धरून बसून राहिली.

"आधी नाही का सांगायचं त्यांनी?" ती म्हणाली. "आणखी चारदा हजर झाले असते मी."