आंब्याच्या वासाचा पंप

"गिरीश, पंप घेतलास का?" शरयूनं स्वयंपाकघरातून विचारलं आणि गिरीश लगेच उठला. औषधाच्या बाबतीत इतका आज्ञाधारक नवरा मिशिगनमधल्या अख्ख्या ट्रॉय गावात शोधून सापडला नसता.

कारण तो पंप नव्हताच. ती ई-सिगारेट होती.

कॉलेजपासून ओढलेल्या सिगारेटींनी त्याच्या फुप्फुसांचं जे करायचं ते केलं होतं. डॉक्टरांनी सीओपीडी असं नाव सांगितलं, श्वासनळ्या कायमच्या आकसल्यात म्हणाले, एक पंप दिला आणि सिगारेट बंद करायला सांगितली. गिरीशनं सल्ला फार गंभीरपणे घेतला. घरात वेप, म्हणजे ही ई-सिगारेट, सुरू केलं आणि सिगारेट फक्त ऑफिसच्या मागच्या दारापुरती ठेवली. थोडक्यात, फुप्फुसांना चॉइस दिला. खरा पंप ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये खोक्यातून बाहेरही न निघता सुखात होता.

वेप शरयूच्या हाती लागलं तेव्हा त्यानं सांगून टाकलं, "नवीन प्रकारचा पंप आहे. वाफ निघते."

"आणि आंब्याचा वास?"

"फ्लेवर. पेशंटला कंटाळा नको म्हणून."

इथे खोकल्याच्या औषधाला चेरीचा वास येतो, मग पंपाला आंब्याचा का नसावा? शरयूला पटलं. तेव्हापासून ती त्याला सकाळ-संध्याकाळ न चुकता आठवण करू लागली. देवळाबाहेरसुद्धा.

त्या रविवारी समोरच्या घरातला यतीन आणि नागपूरहून आलेली त्याची आई, शुभाकाकू, जेवायला आले होते. शरयूनं ठेच्याला फोडणी दिली आणि काकूंना ठसका लागला. त्यांना दमा होता.

"पंप घरीच राहिला नं माझा," काकू धापा टाकत म्हणाल्या. यतीन बूट घालून बर्फातून पळाला.

"तोवर गिरीशचा घ्या ना!" शरयूनं टेबलावरचं वेप उचललं.

"नको!" गिरीश ओरडला. "उष्टं आहे!"

"पुसून देते."

"प्रिस्क्रिप्शन माझं आहे!"

"अरे, माणूस गुदमरतंय आणि तू प्रिस्क्रिप्शन काय घेऊन बसलास?"

काकूंनी ते हातात घेतलं, ओठांपर्यंत नेलं. गिरीशनं टेबलावरून झेप घेतली. वरणाचं भांडं आडवं झालं.

"काकू, थांबा! सिगारेट आहे ती!"

काकूंचा खोकलासुद्धा क्षणभर थांबला.

"म्हणजे," शरयू एकेक शब्द उच्चारत म्हणाली, "रोज मीच तुला सिगारेटची आठवण करत होते?"

"तू इतक्या प्रेमानं विचारायचीस. नाही कसं म्हणणार?"

शरयूनं वेप हिसकावलं, मागचं दार उघडलं आणि बाहेरच्या लाकडी डेकवर गेली. गिरीश घरातल्या चपलांवर तिच्यामागे धावला. "अगं, लिथियम बॅटरी आहे! अशी फेकायची नसते!" पर्यावरणाची इतकी काळजी त्याला आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होती.

पण मिशिगनच्या जानेवारीतली हवा छातीत शिरली आणि पुढचा शब्द फुटेना. तो पायरीवर बसला. छातीतून शिट्टी वाजू लागली, ओठ पांढरे पडले. शरयूचा राग कुठल्या कुठे गेला. "गिरीश? गिरीश, बोल ना रे!" दोघींनी त्याला धरून आत आणलं.

तेवढ्यात यतीन पंप घेऊन आला. काकूंनी स्वतःच्या धापेकडे दुर्लक्ष करून बोट दाखवलं. "आधी याला दे."

पंप गिरीशच्या तोंडाशी धरून त्या म्हणाल्या, "ओढ. हां, खोल. आता धर आतमध्ये. प्रॅक्टिस चांगली आहे बाप्पा तुझी!"

हळूहळू त्याच्या ओठांवर रंग आला. शरयूनं डोळे पुसले आणि मग सावकाश, पुरेपूर, मराठीत जे काही बोलता येतं ते सगळं बोलून घेतलं. गिरीशनं सगळं सोडण्याची शपथ घेतली.

पुढच्या आठवड्यात ती स्वतः त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली.

"वेप?" डॉक्टरांनी विचारलं.

"बंद," गिरीश छाती काढून म्हणाला.

"सिगारेट?"

"तीही बंद."

"अरे वा! कधीपासून?"

गिरीश छताकडे बघू लागला. शरयूनं पर्समधून त्याचं सिगारेटचं अर्धं पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

"आत्ताच," ती म्हणाली. "लिफ्टमध्ये."